यीस्ट कोणी घातलं

८ जानेवारी

ताई,

फोन बंद पडलाय, म्हणून पत्र. माझ्या अक्षराला हसू नकोस, शाळेत होतं तसंच आहे.

तू लॅबमध्ये आहेस म्हणून तुला विचारते, दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही. पंधरा दिवस झाले, खाली खाज सुटते. साधी नाही, धड बसू देत नाही, धड उभं राहू देत नाही. लघवीला गेलं की आग होते. पांढरं जातं, तेही घट्ट, फाटलेल्या दुधासारखं. वास मात्र नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, एक गोळी आणि एक मलम दिलं आणि कागदावर लिहिलं, "यीस्ट". चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

तो कागद ह्यांनी वाचला. आमच्या घरात यीस्ट म्हणजे काय ते तुला माहीतच आहे. पुढे बेकरी, मागे आम्ही, डब्यावर डबे यीस्टचे. कागद यीस्टच्या डब्यावरच्या नावाशी ताडून बघितला. मग म्हणाले, "पिठात यीस्ट मी घालतो, तेव्हा येतं. तुझ्यात कोणी घातलं?" मला वाटलं चेष्टा करतायत, म्हणून मी हसले. ते हसत नव्हते.

हे काय असतं ते नीट लिहून पाठव. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, पण बाहेर रांग लागली होती. तुझं पत्र मी ह्यांना वाचायला देईन. तुझं ते ऐकतात. घरात तूच एकटी शिकलेली, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

तुझी,
खारू

१५ जानेवारी

खारूबाई,

एवढंच ना? मी पाकीट बघूनच घाबरले होते, म्हटलं कोण गेलं. अगं, दिवसाला दहा स्लाइडी असल्या बघते मी. मायक्रोस्कोपखाली लांबट कण दिसतात, एकाला एक फुटलेले, मध्येच काड्यांसारख्या फांद्या. आता तर मला ते ओळखीचे वाटतात, सकाळी सकाळी राम राम करावा इतके.

तुला बुरशीची लागण झाली आहे, बाकी काही नाही. एका गोळीने जात नसेल तर सात दिवस रोज झोपताना आत ठेवायच्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरीणबाईंकडून लिहून घे. साबणाने धुऊ नकोस, साधं पाणी पुरे. सुती घाल, ओलं ठेवू नकोस. आणि नवऱ्यालाही औषध घ्यायला लाव, नाहीतर एकमेकांना देत बसाल. आमच्याकडचे म्हातारे डॉक्टर दोघांनाही लिहून द्यायचे.

"तुझ्यात कोणी घातलं" म्हणे. हे वाचून मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या पोरी उठून आल्या. त्यांनाही सांगितलं. तुझा नवरा दिसतो गंभीर, पण आतून बेरकी आहे हो. त्याला माझा नमस्कार सांग आणि फोन दुरुस्त करून घे.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

या पत्राला उत्तर पाठवशील ते शेजारच्या शिलाईवाल्या मावशींच्या पत्त्यावर पाठव, पाकिटावर मागे लिहिला आहे. आमच्या पत्त्यावर आता काही पाठवू नकोस.

तुझं पत्र ह्यांनी फोडलं. बेकरीत हिशेबाला असते त्या पेन्सिलीने दोन शब्दांखाली रेघा मारल्या, "लागण" आणि "एकमेकांना". मग मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. म्हणाले, "लागण कुणाकडून तरी होते. मला काही झालेलं नाही. मग तू ज्याच्याशी देवाणघेवाण करतेस तो कोण?" मी म्हटलं, ताईने तसं लिहिलेलं नाही. तर म्हणाले, "तुझी ताई शिकलेली आहे, तिला एकेका शब्दाचा अर्थ कळतो."

भट्टीतून पाव काढायचं लाकडी फावडं असतं ना, माणसाच्या उंचीच्या दांड्याचं, ते भिंतीला टेकलेलं होतं. दांडा मोडेपर्यंत मारलं. दांडा चांगला जाड होता. मी पिठाच्या पोत्यांमध्ये शिरले, तर पाय धरून बाहेर ओढलं. मध्येच थांबून ते एकेक नाव विचारायचे. पिठाच्या गाडीचा ड्रायव्हर का? पोस्टमन का? मी दातांच्या डॉक्टरकडे चारदा गेले होते, तर तो का? मी नाही म्हटलं की एक बसायचा, गप्प राहिले की दोन. शेवटी मी सगळ्यांनाच हो म्हणाले. वाटलं, त्यांचं समाधान होईल आणि थांबतील. ती माझी चूकच झाली.

मावशींनी दवाखान्यात नेलं. एक बरगडी मोडली आहे, बाकी वळ. श्वास घेताना दुखतं, पण आता सवय झाली. ह्यांनी नवीन फावडं आणलंय.

खाज तशीच आहे.

खारू

१६ फेब्रुवारी

खारू,

तुझं पत्र लॅबमध्येच वाचलं. तू जीव मुठीत धरून लिहिलंस आणि मी त्यावर शेजारच्या पोरींना जमवून हसले. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, तूही विसरू नकोस.

आता नीट वाच आणि वाचून पत्र फाडून टाक. मी जे लिहिलं ते निष्काळजीपणे लिहिलं. "लागण" हा शब्द आम्ही इथे सर्दीपासून गजकर्णापर्यंत कशालाही चिकटवतो. हे यीस्ट कुणाकडून यावं लागत नाही. ते अंगात असतंच, तोंडात, आतड्यात, तिथे खालीसुद्धा, कितीतरी बायकांच्या. तिथे चांगले जंतूही असतात, ते त्याला वाढू देत नाहीत. ते जंतू मेले की याला रान मोकळं मिळतं. रक्तात साखर वाढली, दिवस गेले किंवा अँटिबायोटिक जास्त झालं की असं होतं. नवऱ्याला त्रास नसेल तर त्याने औषध घ्यायची काही गरज नसते. म्हाताऱ्या डॉक्टरांची ती जुनी सवय होती, आणि मी ती डोळे झाकून तुझ्या माथी मारली.

दातांचा डॉक्टर कुठून आला? चारदा कशाला गेलीस? डिसेंबरात मला म्हणालीस, फरशीवरून घसरले, ओठ फुटला. ओठासाठी कुणी दातांच्या डॉक्टरकडे चार खेपा घालत नाही. कॅप्सुला घेतल्यास का, किती दिवस, ते लिही. आणि यावेळी खरं लिही.

अजून एक. तू त्याला "हे" लिहितेस, "त्यांनी" लिहितेस. बरगडी मोडणाऱ्याला कसला आलाय मान? माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्याचा हात भट्टीच्या दारात धरावा आणि वर पाय देऊन दार लावावं, एवढंच सध्या डोक्यात येतं. दिवसभर रक्ताच्या बाटल्या हलवते आणि हेच मनात चालू असतं.

मी येते तुला न्यायला.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

येऊ नकोस. आधी सगळं वाच.

घसरले नव्हते. भाजीत मीठ जास्त झालं होतं, त्यावरून शब्दाने शब्द वाढला आणि ह्यांनी मुठीने मारलं. खालच्या दोन दाढा फुटल्या. एकीच्या मुळाशी पू झाला, गाल इतका सुजला की डोळा मिटला. दातांच्या डॉक्टरने आधी सात दिवस कॅप्सुला दिल्या, पू गेला नाही म्हणून मग दुसऱ्या, जोराच्या, चौदा दिवस. त्या संपत आल्या तेव्हा खाज सुरू झाली. आणि फोनही बंद पडला नाही, त्यांनी तो पाण्याच्या पिंपात टाकला.

आता गेल्या रविवारचं. बेकरी बंद होती, दुपारची वेळ. ट्रेवरचं जळकट काढायला आमच्याकडे सोडा असतो, धुण्याचा नव्हे, हातमोजे घालून वापरायचा. त्यांनी मोठ्या टबात गरम पाणी घेतलं आणि त्यात तो सोडा ओतला. म्हणाले, "दहा वर्षांचं जळकट याने निघतं, तुझं का निघणार नाही?" मला वाटलं धमकी आहे. मग माझे खांदे धरून त्यांनी मला त्यात बसवलं. मी ओरडले तेव्हा तोंडात पिठाचं फडकं कोंबलं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. उठले तेव्हा पाणी लाल झालं होतं आणि ते टबाकडे बघून म्हणाले, "निघतंय."

ताई, मला चार दिवस चालता आलं नाही. मावशींनी पाठीवर घेतल्यासारखं करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई भाजल्याचं सगळं लिहून घेत होत्या आणि मध्ये मध्ये खिडकीबाहेर बघत होत्या. पोलिसांना कळवू का म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्या रागावल्या, पण कागद केले. ते मावशींच्या मशीनच्या खणात आहेत.

ह्यांनी मला बजावलंय, तुझ्या घरचं कुणी दारात दिसलं तर भट्टीत जागा खूप आहे. हे ते रागात म्हणाले नाहीत. ट्रेला तेल लावता लावता म्हणाले, म्हणून मला भीती वाटते.

ते तुला पत्र लिहिणार आहेत. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे, माझ्यावर नाही. तू जे लिहिशील त्यावर माझं काय करायचं ते ठरवणार आहेत. जपून लिही. दातांचं मी तुला सांगितलं हे कळू देऊ नकोस.

खारू

२६ फेब्रुवारी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे.

आपल्या बहिणीच्या आजाराबाबत आपल्या पत्रातून नीट उलगडा झाला नाही, म्हणून तसदी देतो. मी वीस वर्षं यीस्ट वापरतो आहे. डबा उघडून पिठात घातल्याशिवाय पीठ फुगलेलं मी पाहिलेलं नाही. तेव्हा माणसाच्या अंगात ते आपोआप येतं की कोणी घालावं लागतं, एवढं एका ओळीत, लॅबच्या शिक्क्यानिशी लिहून द्यावं. जे असेल ते खरं लिहावं. बहीण म्हणून तिला पाठीशी घालू नये.

ती माझ्याबद्दल काही बोलली असेल तर त्यात तथ्य नाही. मी रागीट माणूस नाही. पावाच्या धंद्यात रागीट असून चालत नाही, पीठ बिघडतं.

उत्तराची दहा दिवस वाट पाहीन.

आपला नम्र,
पाववाला

२ मार्च

(शिलाईवाल्या मावशींच्या पत्त्यावर)

खारू,

पोलिसांना घेऊन आले तर ते दार वाजवेपर्यंत आत तू आणि तो दोघंच. ते मी होऊ देणार नाही. म्हणून आज त्याला शिक्का मारून एक पत्र धाडलं आहे. त्यातलं एक अक्षरही खरं नाही. वाचून घाबरू नकोस आणि त्याच्यासमोर काही नाकारू नकोस. तो म्हणेल तशी मान हलव.

तुझं दुखणं त्या एकवीस दिवसांच्या कॅप्सुलांनी झालं, दुसऱ्या कशाने नाही. पण हे आत्ता त्याला सांगायची वेळ नाही.

निघताना मावशींकडचे दवाखान्याचे कागद पोटाशी बांधून आण. बाकी काही आणू नकोस. तो देणारही नाही.

ताई

२ मार्च

स. न. वि. वि.

आपली शंका रास्त आहे. वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस चुकत नाही. बहिणीचा आजार बाहेरून आला आहे. तो कोणी घातला, तर आपल्याच पिठाच्या पोत्याने.

पोत्यांमधून कधी कधी यीस्टची एक रानटी जात येते. पीठ चाळणाऱ्या बाईच्या अंगात ती घर करते. यात परपुरुषाचा संबंध नाही, मात्र काळजीची गोष्ट दुसरीच आहे. आता ती तिच्या अंगातून परत पिठाकडे येऊ लागली असणार. ही जात चांगल्या यीस्टला खाते. एकदा पीठ मळायच्या टबात शिरली की पीठ फुगत नाही, आणि मग बेकरी बंद करण्यावाचून इलाज उरत नाही. माझ्या माहितीत दोन बेकऱ्या अशा गेल्या.

तेव्हा तिला हात लावू नये. तिला लागलेल्या हाताने पीठ मळू नये. सोडा, फिनेल असलं काही तिच्यावर वापरू नये, त्याने ही जात उधळते. पत्र मिळताच तिला अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये बसवून इकडे पाठवावं. आमच्या इस्पितळात तिला वेगळ्या खोलीत ठेवण्याची व्यवस्था केली आहे. उपचाराला किमान दोन महिने लागतील. उशीर झाल्यास आपल्या भट्टीची जबाबदारी माझी नाही.

(सही व शिक्का)

६ मार्च

आदरणीय ताई,

आपलं पत्र मिळालं. आधीच स्पष्ट लिहिलं असतंत तर एवढा मनस्ताप झाला नसता. तिला आज सकाळच्या बसमध्ये बसवलं आहे. मी हातमोजे घातले होते.

पाववाला

२० एप्रिल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. नाइलाजाने लिहितो आहे.

आपण लिहिलेली ती जात घरात राहू नये म्हणून, ती गेल्यावर तिचे कपडे, गादी, चपला, कंगवा सगळं भट्टीत घातलं. भिंती खरवडून रंग दिला. पिठाचं दुकान बदललं. मळायचे टब मी स्वतः दिवसातून तीनदा सोड्याने घासतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. सोड्यात जराही कंजुषी करत नाही, घासला की तसाच, लगेच पीठ घालतो, म्हणजे मध्ये काही शिरायला नको.

तरीही पीठ फुगत नाही. दीड महिना झाला. पाव विटेसारखा निघतो, खाऊन बघितला तर जिभेला चरचरतं. गिऱ्हाईक तुटलं. दोन कामगार सोडून गेले, तिसऱ्याला मी रागाच्या भरात ट्रे फेकून मारला, त्याच्या कपाळाला सहा टाके पडले. ती जात टबात शिरली आहे यात मला आता शंका नाही.

आपल्याकडे यावर काही औषध असल्यास तातडीने पाठवावं. तसंच ती बरी झाली असल्यास परत पाठवावी. एकट्याने होत नाही.

पाववाला

२८ एप्रिल

पत्र ताईला आलं, उत्तर मी देते आहे. ताई म्हणाली, त्याला त्या खोट्यात राहू दे, आपलं काम झालं. ते मला सोसवेना. माझ्या अंगात काहीतरी रानटी होतं असं समजून तू जगावंस हे मला नको आहे.

ताईने तुला जे लिहिलं ते सगळं खोटं होतं. मला तुझ्या हातातून काढायला तिला दुसरं काही सुचलं नाही. माझ्यातलं यीस्ट कुठूनही आलं नव्हतं. ते होतंच, तुझ्याही पोटात आहे. डिसेंबरात तू मला मुठीने मारलंस, दाढा फुटल्या, पू झाला. पू जावा म्हणून एकवीस दिवस कॅप्सुला घेतल्या. कॅप्सुलांनी यीस्टला आवरणारे जंतू मेले आणि ते वाढलं. कोणी घातलं म्हणून तू मला दांडा मोडेपर्यंत विचारत होतास. तूच, आणखी कोण. तुला कळावं म्हणून सोपं करून लिहिलं आहे, पेन्सिल घे आणि हव्या त्या शब्दाखाली रेघ मार.

मी बरी आहे. सोड्याने भाजलं होतं ते भरायला पाच आठवडे लागले, दोन ठिकाणी कातडी आखडली आहे, ती तशीच राहील असं डॉक्टर म्हणतात. यीस्ट दोन आठवड्यांच्या साध्या गोळ्यांनी गेलं. तू मला ज्यासाठी मारलंस ते एवढंसं होतं.

पहिले काही दिवस मी ताईच्या घरी नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असायचे आणि मनात तुला मारायचे. फावड्याने, ट्रेने, हातात येईल त्याने. तू पडलास तरी थांबायचे नाही. मला याची लाज वाटत नाही. आता कमी झालंय, पण रोज एकदा तरी मारतेच.

काल चौकीत जबाब दिला. बरगडीचा, भाजल्याचा, दाढांचा, सगळे कागद दिले. मावशी आणि डॉक्टरीणबाई साक्ष देणार आहेत. मावशींच्या वाटेला जाऊ नकोस, चौकीत त्यांचंही नाव आणि पत्ता लिहून घेतला आहे. तुला बोलावणं येईल. ज्या कामगाराला तू ट्रे मारलास तोही येईल असं ऐकते.

मी परत येणार नाही. माझी वाट बघू नकोस आणि ताईला पत्र लिहू नकोस.

पीठ का फुगत नाही ते तुझं पत्र वाचता वाचताच मला कळलं. ते टब नऊ वर्षं मी धूत होते. सोड्याने घासल्यावर मी पुढे काय करायचे ते बघायला तू एकदाही मागे आला नाहीस. सांगणार नाही.